दोन गिलेमॉट, एकच कडा: ओळखायचे कसे आणि वेगळे का मोजायचे

कडेकपारी

आइसलंडच्या अगदी पश्चिम टोकाला लाउत्राब्यार्ग नावाचा कडा आहे. लांबी सुमारे १४ किलोमीटर, आणि सर्वांत उंच जागी समुद्रापासून ४४१ मीटर. जूनच्या अखेरीस मी तिथे दोन दिवस होते. पहिल्या दिवशी काठावर पालथी पडून खाली पाहिलं आणि कितीतरी वेळ दुर्बीण डोळ्याला लावायचंच सुचलं नाही. सतत घुमणारा आवाज, विष्ठेचा उग्र वास, आणि कपारीकपारीत उभ्या असलेल्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांच्या रांगाच रांगा.

परत आल्यावर त्या सगळ्या फोटोंना मी नुसतं 'गिलेमॉट' असं नाव देऊन ठेवलं होतं. ते चुकलं होतं. त्या कड्यावर गिलेमॉटच्या दोन जाती शेजारी शेजारी विणीला येतात. दोन दिवस दोघांकडे बघत असूनही मी एकच पक्षी पाहिला, याची मला मनापासून चुटपुट लागली. म्हणून गेले काही आठवडे जे वाचलं आणि फोटो मोठे करकरून जे पाहिलं, ते इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे दुरुस्त करावं.

आधी नावं. एक 'उरिया आल्गे', म्हणजे साधा गिलेमॉट. दुसरा 'उरिया लोम्विया', ज्याला युरोपात ब्रुनिकचा गिलेमॉट म्हणतात. ब्रुनिक हे अठराव्या शतकातले डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ. उत्तरेकडच्या पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक १७६४ चं आहे. अमेरिकेत या दोघांना 'मर' म्हणतात, पण तो शब्द मराठीत वाचवत नाही, म्हणून मी गिलेमॉटच म्हणणार आहे. ब्रुनिकच्या गिलेमॉटला मी 'जाडचोच्या' म्हणते. आइसलंडच्या लोकांनीही त्याला चोचीवरूनच ओळखलंय: त्यांच्याकडे तो 'स्टुटनेफ्या', म्हणजे आखूड नाकाचा.

आकाराने फरक करायला जाऊ नका. दोघंही साधारण ४० ते ४५ सेंटीमीटरचे, वजन किलोच्या आसपास. सगळ्यांत भरवशाची खूण चोचीवर आहे. जाडचोच्याच्या जिवणीपासून वरच्या चोचीच्या कडेने पुढे येणारी एक बारीक पांढरी रेघ असते. त्याची चोच आखूड, जाड आणि टोकाशी खाली झुकलेली. साध्याची चोच लांब, सरळ, निमुळती.

दुसरी खूण छातीवर. काळा गळा संपून पांढरं पोट जिथे सुरू होतं, तिथे जाडचोच्याचं पांढरं टोकदार होऊन वर घुसतं. साध्याचं तिथे गोलसर थांबतं. तिसरी खूण कुशीची: साध्याच्या कुशीवर तपकिरी रेघोट्या असतात, जाडचोच्याची कूस स्वच्छ पांढरी.

माझ्याकडे एक फोटो असा आहे की त्यातल्या पक्ष्याची पाठ कॅमेऱ्याकडे आहे आणि मान वळलेली. पाठ चांगली काळी दिसते. तो जाडचोच्याच असेल ना?

उत्तरवारा

कडेकपारी, सुरेख लिहिलंय. पण पाठीच्या रंगावरून निकाल देऊ नका. दक्षिणेकडचे साधे गिलेमॉट चॉकलेटी असतात हे खरं. पण जसजसं उत्तरेला जावं तसतसे तेही गडद होत जातात. ब्रिटनच्या दक्षिणेला पाहिलेला साधा गिलेमॉट डोळ्यांसमोर ठेवून आर्क्टिकमधला पाहिला, तर फसगत नक्की. उन्हाचा कोन बदलला तरी तपकिरी पाठ काळी दिसते.

पांढऱ्या रेघेबद्दलही एक सावधगिरी. साधा गिलेमॉट पिल्लासाठी एका वेळी एकच मासा आणतो, तोही चोचीत लांबीत धरून, डोकं आत आणि शेपूट बाहेर. त्या माशाची चंदेरी कड लांबून थेट पांढऱ्या रेघेसारखी दिसते. मी स्वतः एकदा वहीत जाडचोच्या लिहून मोकळा झालो होतो. पक्ष्याने मासा पिल्लाला दिला आणि रेघ गेली.

उडताना पाहत असाल तर काखेकडे लक्ष द्या. साध्याच्या पंखाखाली, अंगाजवळ, मळकट खुणा असतात. जाडचोच्याची काख उजळ असते, शिवाय तो जास्त बुटका आणि पाठीत पोक असल्यासारखा वाटतो.

हिवाळ्यात मात्र सगळं बदलतं. दोघांचाही गळा पांढरा होतो. तेव्हा गाल बघायचा. साध्याचा गाल पांढरा आणि डोळ्यामागून त्यावर उतरणारी एक काळी रेघ. जाडचोच्याची काळी टोपी डोळ्याच्याही खाली उतरलेली असते, त्यामुळे गालावर पांढरं जवळपास दिसतच नाही.

शिंपला

माझ्याकडच्या एका फोटोत डोळ्याभोवती पांढरं कडं आणि तिथून मागे गेलेली पांढरी रेघ, चष्मा घातल्यासारखी, असा पक्षी आहे. ही तिसरी जात का?

उत्तरवारा

नाही, तो साधाच. एकेकाळी त्याला वेगळी जात मानत असत, पण ते एकाच जातीतलं वेगळं रूप आहे, एकाच घरातल्या दोन भावंडांचे डोळे वेगळ्या रंगाचे असावेत तसं. चष्म्याचे आणि बिनचष्म्याचे आपसात जोड्या जमवतात. हे रूप फक्त अटलांटिकमध्ये सापडतं, पॅसिफिकमध्ये नाही. त्यातही दक्षिणेला अगदी थोडे, उत्तरेला जावं तसं प्रमाण वाढत जातं. आइसलंडमध्ये त्याला 'हृंगव्हिया' असं वेगळं नाव आहे, नावातला पहिला शब्द कड्याचा, म्हणजे वलयाचा. जाडचोच्यामध्ये चष्मा कधीच नसतो, त्यामुळे चष्मा दिसला की तेवढ्यापुरता प्रश्न मिटला.

निळीशाई

मी पक्षीनिरीक्षक नाही, फोटो बघून धाग्यात आले. उभे राहतात पेंग्विनसारखे, रंगही तेच. नातं आहे का?

उत्तरवारा

नातं नाही. हे ऑक कुळातले पक्षी, आणि त्यांचे जवळचे आप्त म्हणजे कुरव आणि सुरय. पेंग्विन पार दुसऱ्या शाखेवरचे. गंमत अशी की 'पेंग्विन' हे नाव मुळात उत्तरेकडच्याच एका पक्ष्याचं होतं. तो म्हणजे मोठा ऑक, गिलेमॉटचा न उडणारा भाईबंद. दक्षिण गोलार्धात तसेच दिसणारे पक्षी खलाशांना भेटले आणि नाव त्यांना चिकटलं. मोठ्या ऑकची शेवटची जोडी १८४४ मध्ये आइसलंडजवळच्या एल्डे बेटावर मारली गेली. हे लिहितानाही वाईट वाटतं.

दिसणं सारखं असण्याचं कारण मात्र खरंच समान आहे: दोघंही पाण्याखाली पंखांनी पोहतात. जाडचोच्या २१० मीटरपर्यंत खोल गेल्याची नोंद आहे, आणि साधाही १७० मीटरच्या पुढे जातो. एका किलोचा, उडू शकणारा पक्षी इतक्या खोल, अंधारात, गोठणबिंदूजवळच्या पाण्यात मासा शोधतो, हे मला दर वेळी नव्याने थक्क करतं.

याची किंमत त्यांना हवेत मोजावी लागते. पाण्यात वल्ह्यासारखे चालायचे तर पंख आखूड हवेत, आणि उडायला लांब पंख बरे. हडसन उपसागरातल्या कोट्स बेटावर जाडचोच्यांवर अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की उडताना हा पक्षी विश्रांतीच्या ३१ पट ऊर्जा खर्च करतो. मोजमाप झालेल्या कुठल्याही उडत्या पक्ष्यात हा आकडा सर्वांत मोठा होता. मोठ्या ऑकने उडणं का सोडलं असेल, याचं उत्तर या आकड्यात दिसतं. जाडचोच्या अजून उडतोय, पण अगदी काठावर.

शिंपला

कड्यावरच्या जागेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या मते चोचीइतकाच हा फरक महत्त्वाचा आहे.

साध्या गिलेमॉटला गर्दी लागते. रुंद कपार, सपाट सुळक्याचा माथा अशा जागी ते अंगाला अंग लावून उभे असतात. एका चौरस मीटरवर २० जोड्या ही नवलाची गोष्ट नाही. कुरव अंड्यावर टपून आला की समोर चोचींचं कुंपणच उभं राहतं, त्याला उतरायला जागाच मिळत नाही. जाडचोच्या त्या मानाने एकेकटा. हातभर रुंदीची, कधी त्याहूनही अरुंद कपार त्याला पुरते, आणि तो भिंतीकडे छाती करून कड्याला चिकटून बसतो. दोन्ही जाती एकाच कड्यावर असतील तर रुंद ओटे साध्यांचे आणि अरुंद पट्ट्या जाडचोच्यांच्या, अशी वाटणी बऱ्याचदा दिसते.

घरटं दोघंही करत नाहीत. उघड्या दगडावर एकच अंडं, एका टोकाला चांगलंच निमुळतं. असं अंडं गडगडलं तर गोल फिरून जागेवरच राहतं, असं आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. पण इंग्लंड-वेल्समध्ये वर्षानुवर्षं यावर काम करणारे टिम बर्कहेड यांनी दाखवलं की खरा फायदा बहुधा दुसरा आहे. त्या आकारामुळे अंड्याचा जास्त भाग खडकाला टेकतो आणि उतारावर ते मुळात हलतच कमी. अरुंद उतरत्या कपारीवर बसणाऱ्याला याहून मोठी गरज कोणती?

आणि रंग! निळं, हिरवट, पांढरं, मातकट, त्यावर शाई सांडल्यासारखे ठिपके, किंवा नुसत्या रेघोट्या. दोन अंडी एकसारखी सापडणं कठीण. शेजारच्याचं अंडं चोचीच्या अंतरावर असताना आपलं कोणतं हे ओळखायचं तर हाच उपाय. पिल्लंही अंड्यात असतानाच आईबापाचा आवाज शिकतात.

निळीशाई

पिल्लं तिथून उडतात कशी?

शिंपला

उडत नाहीत, उडी मारतात. तीन आठवड्यांची झाली की, वजन मोठ्या पक्ष्याच्या चौथाईच्या आसपास असताना, उडता येत नसतानाच संध्याकाळच्या अंधुक उजेडात ती कड्यावरून खाली झेप घेतात. खाली बाप हाका मारत असतो. पुढचे एक-दोन महिने बापच पिल्लाला समुद्रात सांभाळतो, भरवतो. त्याच काळात बापाची पिसं झडतात आणि त्यालाही उडता येत नाही. दोघं पोहत शेकडो किलोमीटर जातात. हे दोन्ही जातींत सारखंच.

दगडफूल

एक प्रामाणिक प्रश्न. अंडं सारखं, पिल्लू सारखं, बाप सारखा, डुबकी सारखी. मग मोजताना दोघांना एकत्र धरलं तर काय बिघडतं? जहाजावरून किंवा विमानातून मोजणी करणारे तसं धरतातच की.

कडेकपारी

दगडफूल, हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याच्या उत्तरासाठीच हा धागा काढावासा वाटला. थोडं सविस्तर लिहिते.

नॉर्वे आणि त्याच्या उत्तरेचा स्वालबार्ड द्वीपसमूह यांच्या मधोमध ब्योर्नोया, म्हणजे अस्वलांचं बेट आहे. तिथे दोन्ही जाती एकाच कड्यावर विणीला येतात. १९८६ मध्ये तिथे साध्या गिलेमॉटच्या सुमारे २,४५,००० जोड्या होत्या. पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, सुमारे ३६,००० उरल्या. मधल्या एका हिवाळ्यात शंभरातले पंच्याऐंशी गेले. कारण तेलगळती नव्हतं, रोगही नव्हता. बॅरेंट्स समुद्रातला केपलिन नावाचा छोटा मासा संपत आला होता. साधा गिलेमॉट त्यावर जगत होता आणि हिवाळाही त्याच समुद्रात काढत होता.

त्याच कपारींच्या शेजारी बसणारा जाडचोच्या जवळजवळ तसाच राहिला. त्याच्या खाण्यात माशांबरोबर क्रिल आणि कोळंबीसारखे बारीक जीवही भरपूर असतात. हिवाळ्यात तो बराच पश्चिमेला, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या पाण्यात जातो. म्हणजे उन्हाळ्यात एकाच भिंतीवर राहणारे हे शेजारी, हिवाळ्यात वेगवेगळ्या समुद्रांत होते.

आता समजा तेव्हा दोघांना एकत्र मोजलं असतं. एकूण आकडा घसरलेला दिसला असता, पण कोण गेलं आणि का गेलं हे कळायला मार्ग नव्हता. केपलिनचा धागा हाती लागला तो केवळ दोन रकाने वेगळे होते म्हणून.

आणि गोष्ट इथे संपत नाही. त्यानंतरच्या वर्षांत ब्योर्नोयावरचे साधे गिलेमॉट हळूहळू सावरत गेले. जाडचोच्या मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यापासून स्वालबार्डभर कमी होत चालला आहे. ज्या दूरच्या पाण्याने त्याला १९८७ मध्ये वाचवलं, तिथलीच परिस्थिती पुढे त्याला नडली असं संशोधकांना दिसतंय. पुन्हा एकत्र मोजलं असतं तर एकाची वाढ आणि दुसऱ्याची घट एकमेकांना झाकून गेली असती. आकडा स्थिर, आणि एक जात डोळ्यांदेखत कमी होतेय.

दगडफूल

पटलं. इतकं स्पष्ट उदाहरण असेल असं वाटलं नव्हतं.

उत्तरवारा

याला जोडून अलास्का. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य पॅसिफिकमध्ये पाणी असाधारण तापलं होतं. २०१५ च्या उन्हाळ्यापासून २०१६ च्या वसंतापर्यंत कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर मेलेले किंवा मरणाला टेकलेले सुमारे ६२,००० साधे गिलेमॉट सापडले. पोटं रिकामी. या पक्ष्याला रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त खावं लागतं आणि अंगावर साठा फार नसतो. गरम पाण्यात छोटे मासे कमी आणि हडकुळे झाले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मोठ्या माशांची भूकही वाढली.

किनाऱ्याला लागले ते थोडेच. २०२४ च्या डिसेंबरमध्ये वसाहतींच्या मोजणीवरून जो हिशोब प्रसिद्ध झाला, त्यानुसार एकट्या अलास्कात सुमारे ४० लाख साधे गिलेमॉट गेले, म्हणजे तिथले निम्मे. आणि इतक्या वर्षांनीही संख्या सावरल्याची चिन्हं नाहीत. मी ती बातमी वाचून बराच वेळ नुसता बसून होतो.

शिंपला

न सावरण्यामागे गर्दीचाही भाग असणार, असं मला वाटतं. निम्मे गेले की कपारीवर मोकळ्या जागा पडतात, आणि मघाशी म्हटलेलं चोचींचं कुंपण तुटतं. मग कुरव आणि गरुड आत शिरतात. साध्या गिलेमॉटला आजूबाजूला इतर दिसल्याशिवाय बसावंसंच वाटत नाही. कॅलिफोर्नियात डेव्हिल्स स्लाइड नावाच्या खडकावरची वसाहत १९८६ च्या तेलगळतीनंतर ओस पडली होती. १९९६ मध्ये तिथे नकली गिलेमॉट मांडले, आरसे लावले, वसाहतीचा आवाज ध्वनिक्षेपकावर वाजवला. एका दिवसाच्या आत खरे पक्षी येऊन उतरले, आणि त्याच हंगामात काही जोड्यांनी अंडीही घातली.

वाळूघड्याळ

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर काही हिवाळे काढलेत, तिथलं सांगते. तिथले लोक दोघांनाही 'टर' म्हणतात. हिवाळ्यात टरची शिकार करायची परवानगी आहे, दिवसाला २० ची मर्यादा आहे, आणि ती त्या लोकांच्या जगण्याचा जुना भाग आहे. त्याकडे परक्याच्या नजरेने बघू नये असं मला वाटतं. पण उन्हाळ्यात तिथल्या फंक बेटावर जी लाखोंची वसाहत दिसते ती साध्यांची, आणि हिवाळ्यात बंदुकीसमोर येतात ते बहुतेक जाडचोचे, आर्क्टिक कॅनडा आणि ग्रीनलंडकडून आलेले. म्हणजे 'आपल्या बेटावर तर भरपूर आहेत' असं म्हणून दुसऱ्याच जातीचा हिशोब होतो. ग्रीनलंडमध्ये जाडचोच्याच्या कितीतरी वसाहती ओसरल्या आहेत. दगडफूल यांच्या प्रश्नाचं हे दुसरं उत्तर.

उत्तरवारा

फार मोलाचा मुद्दा. यात कोट्स बेटाची भर घालतो, कारण जाडचोच्यावरचं संकट कसं दिसतं ते तिथे कळतं. तिथे पूर्वी पिल्लांना मुख्यतः आर्क्टिक कॉड हा मासा मिळायचा, जो बर्फाच्या आसऱ्याने राहतो. १९९० च्या दशकात बर्फ लवकर वितळू लागला आणि पिल्लांच्या चोचीत केपलिन दिसू लागला. शिवाय डास. आर्क्टिकमधले डास आता लवकर येतात, आणि उष्ण, वारा नसलेल्या दिवशी अंड्यावर बसलेला पक्षी उठत नाही. ऊन आणि डास यांनी मिळून असे पक्षी बसल्या जागी मेल्याच्या नोंदी आहेत. अंडं सोडलं असतं तर वाचले असते.

निळीशाई

हे शेवटचं वाक्य वाचून गलबलून आलं.

दोन्ही जातींत मिश्र जोड्या जमतात का कधी?

उत्तरवारा

क्वचित. लॅब्राडोरच्या गॅनेट बेटांवर अशा जोड्या दिसल्या आहेत. पण नियम म्हणून दोघं आपापल्यातच राहतात.

कडेकपारी

सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळे फोटो पुन्हा उघडले आणि या वेळी पक्ष्याआधी कपार पाहिली. शिंपला म्हणाले तसंच निघालं: वरच्या रुंद ओट्यावरचे जवळजवळ सगळे साधे, त्यात चार चष्म्याचे. त्याच्या खाली दगडात एक तिरकी भेग आहे, जेमतेम पंजे मावतील एवढी. तिथे सात पक्षी भिंतीकडे तोंड करून ओळीने. त्यातल्या पाचांची पांढरी रेघ स्पष्ट दिसते, दोघांची मान पलीकडे आहे.

तो पाठ फिरवलेला पक्षी वरच्या ओट्याच्या काठावर होता. त्याच क्षणी घेतलेला दुसरा फोटो सापडला, त्यात पंख किंचित उचललेला आहे आणि कुशीवर तपकिरी रेघोट्या आहेत. म्हणजे साधा. उत्तरवारा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी काळ्या पाठीवरून त्याला जाडचोच्यात टाकलं असतं.

ते दोघं मान वळवलेले मी वहीत 'उरिया, जात अनिश्चित' असे लिहिलेत.